चार आवाजांची मैफल

सुरुवातीलाच एक कबुली देतो. आज मी तुमच्या सबमिशनवर सह्या करतो, व्हायवाला 'हा प्रोजेक्ट तूच केलास का?' असं दरडावून विचारतो. पण माझा स्वतःचा बी.ई.चा प्रोजेक्ट बाजारातून विकत आणलेला होता. ही गोष्ट मी आजवर स्टाफरूममध्येही सांगितलेली नाही. यंदा अंकासाठी 'काहीतरी टेक्निकल पण वाचता येईल असं' लिहा असा आग्रह झाला, आणि मला एकच विषय आठवला. तो सांगायचा तर ही कबुली टाळता येत नाही.

विषय आहे चिपट्यून. जुन्या व्हिडिओ गेमच्या आणि होम कॉम्प्युटरच्या साउंड चिपमधून वाजवलेलं संगीत!

बर्फातली एक रात्र

१९ डिसेंबर २००९, शनिवार. मी तेव्हा एम.एस. करत होतो आणि न्यू जर्सीत चार मुलांत एक फ्लॅट होता. त्या दिवशी न्यूयॉर्कवर मोठं हिमवादळ आलं होतं. शहाण्या माणसाने घरात खिचडी लावून झोपावं अशी ती संध्याकाळ. पण लॅबमधल्या एकाने तिकीट गळ्यात मारलं होतं आणि पैसे वाया जाऊ द्यायचे नाहीत हा आपला हॉस्टेलचा संस्कार! म्हणून ट्रेन बदलत बदलत ब्रुकलिनच्या गोवानस भागातल्या बेल हाऊस या हॉलवर पोचलो.

तिथे ब्लिप फेस्टिव्हलची शेवटची रात्र होती. द टँक ही न्यूयॉर्कमधली ना-नफा कलासंस्था आणि एटबिटपीपल्स हा चिपट्यून कलाकारांचा गट, या दोघांनी २००६ साली हा महोत्सव सुरू केला. पुढे तो टोकियो आणि डेन्मार्कमधल्या ऑल्बोर्गलाही भरला. २०१२ नंतर बंद पडला.

स्टेजवर एक टेबल, टेबलावर दोन राखाडी गेम बॉय आणि एक मिक्सर. बस्स! ना ड्रमसेट, ना कीबोर्ड. मला वाटलं, फसलो. आणि मग पहिला बास नोट आला. छातीच्या पिंजऱ्यात कुणीतरी आतून धक्का दिल्यासारखा. पुढच्या क्षणी तीन-चारशे माणसं एकदम उड्या मारायला लागली. मागच्या पडद्यावर मोठमोठे चौकोनी पिक्सेल नाचत होते, आणि तेही कुणीतरी तिथेच बसून चालवत होतं.

मी मात्र उड्या मारत नव्हतो. मी मोजत होतो. एकाच वेळी किती आवाज येताहेत? सहा? आठ? कारण त्या डबीत चारच चॅनेल असतात हे मी कुठेतरी वाचलं होतं.

त्या डबीत आहे तरी काय?

गेम बॉय १९८९ साली निन्टेंडोने काढला. चार पेन्सिल सेल, १६० बाय १४४ ठिपक्यांचा हिरवट पडदा, सुमारे ४.१९ मेगाहर्ट्झचा आठ बिटी प्रोसेसर आणि ८ किलोबाइट वर्किंग रॅम. आवाजासाठी चार चॅनेल.

पहिले दोन पल्स वेव्हचे. तरंग किती वेळ 'हाय' राहणार, म्हणजे ड्यूटी सायकल, हे चार पर्यायांतून निवडता येतं : १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के. सिग्नल्सच्या पेपरला फोरिअर सिरीज पाठ केलीत ना? ती इथे कानाने ऐकू येते. पन्नास टक्क्यांच्या तरंगात फक्त विषम हार्मोनिक्स, म्हणून आवाज पोकळ, क्लॅरिनेटच्या जवळचा. पंचवीस टक्के केलंत की सम हार्मोनिक्स येतात, फक्त चौथं, आठवं, बारावं गायब. साडेबारा टक्क्यांना दर आठवं गायब आणि आवाज जत्रेतल्या पिपाणीसारखा चिरका. आणि ७५ टक्के? तो २५ टक्क्यांसारखाच ऐकू येतो, कारण तो त्याचाच उलटा केलेला तरंग आहे. का, ते स्वतः लिहून बघा. परीक्षेत येऊ शकतं!

तिसरा चॅनेल वेव्हचा. यात ३२ नमुन्यांचा, प्रत्येकी ४ बिटांचा तरंग आपण स्वतः काढायचा. म्हणजे आख्खा तरंग १६ बाइटांत. तो छाती हलवणारा बास इथून येतो.

चौथा चॅनेल गोंगाटाचा. हा म्हणजे डिजिटलच्या प्रॅक्टिकलमधला आपला शिफ्ट रजिस्टर. १५ बिटांचा रजिस्टर, दोन बिटांवर एक एक्स-ऑर जातीचं गेट, त्याचं उत्तर परत आत. ३२,७६७ पायऱ्यांनंतर तोच क्रम पुन्हा सुरू होतो, पण कानाला तो निव्वळ खरखराट वाटतो. हाय-हॅट, स्नेअर, टाळ्या सगळं यातून. सात बिटांवर ठेवलात तर १२७ पायऱ्यांतच आवर्तन होतं आणि खरखरीला धातूसारखा सूर चढतो.

सुराचं गणित

पल्स चॅनेलची फ्रिक्वेन्सी अशी ठरते : १,३१,०७२ भागिले (२०४८ वजा क्ष). क्ष हा ११ बिटांचा आकडा. (१,३१,०७२ आला कुठून? ४१,९४,३०४ हर्ट्झच्या क्लॉकला ३२ ने भागा.)

आता ४४० हर्ट्झचा सूर हवा आहे. छेद हवा २९७.८९. पण छेद पूर्णांकच असणार! म्हणून २९८ घेतला, सूर आला ४३९.८४. हा फरक कुणाच्या बापाला कळणार नाही. आता तीन सप्तकं वर जा. हवेत ३५२० हर्ट्झ, छेद हवा ३७.२४. घेतला ३७, आणि सूर आला ३५४२.५. हा अर्ध्या सुराच्या नवव्या हिश्शाएवढा चढा आहे. कानसेन माणूस लगेच भुवई उंचावेल. म्हणजे खालच्या सप्तकात ही डबी सुरेल आणि वर जाल तसतशी बेसूर. चांगले कलाकार हे ओळखून असतात. तिथे एकतर जात नाहीत, किंवा त्या बेसूरपणाचाच उपयोग करतात.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. कॅसेट काढून फुंकर मारायची, परत लावायची! ते बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला. त्यातल्या काही नकली चिपांत २५ आणि ५० टक्क्यांची ड्यूटी सायकल चुकून अदलाबदल झालेली असते. म्हणजे आपण मे महिन्याच्या सुट्टीत ऐकलेला मारिओ मूळ मारिओपेक्षा थोडा वेगळ्या आवाजात गात असण्याची शक्यता आहे.

कानाला फसवायची युक्ती

आता माझ्या मोजणीकडे येऊ. चार चॅनेल, मग आठ आवाज कसे?

उत्तर सोपं आहे. सा-ग-प एकत्र वाजवायचे तर तीन चॅनेल लागतील. पण एकाच चॅनेलवर सा, मग ग, मग प, पुन्हा सा, असं सेकंदाला पन्नास-साठ वेळा बदललं तर? कानाला तीन सुटे सूर ऐकू येत नाहीत. थरथरणारी, चमचमती एक कॉर्ड ऐकू येते. याला अर्पेजिओ म्हणतात. कमोडोर ६४ हा कॉम्प्युटर १९८२ साली आला, त्यातल्या सिड चिपमध्ये तीनच आवाज होते. रॉब हबर्ड, मार्टिन गॅलवे या मंडळींनी गेमचं संगीत करताना ही युक्ती इतकी वापरली की पुढे तीच या संगीताची ओळख झाली.

हे लक्षात आलं आणि हॉलच्या मधोमध मी गार पडलो. कारण ही युक्ती मी आधी ऐकली होती. ब्रुकलिनमध्ये नव्हे, हॉस्टेलच्या खोलीत, रात्री दोन वाजता.

जुना हिशोब

फायनल इयरला मी आणि माझा पार्टनर ८०५१ वर गाणं वाजवायचा प्रोजेक्ट करत होतो. गॅदरिंगला स्टेजवर वाजवायचा बेत होता. एक सूर वाजत होता. मला कॉर्ड हवी होती. मी म्हटलं, "एका पिनमधून एकच सूर निघणार. १२८ बाइट रॅम, ४ के रॉम, हा कीट म्हणजे भंगार आहे. सोड." तो म्हणाला, "अरे, एकदम कशाला वाजवायचे? एकामागून एक, फास्ट. कान फसेल. मला एक आठवडा दे." मी हसलो. सबमिशन दहा दिवसांवर होतं. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन तयार प्रोजेक्ट आणला, रिपोर्टसकट. व्हायवाला 'आधीचा विषय कीटच्या मर्यादेमुळे सोडला' असं सांगितलं. तो शेजारी उभा होता, काहीच बोलला नाही.

बेल हाऊसमध्ये कार्यक्रम चालूच होता. एका कलाकाराच्या सेटमध्ये गेम बॉय मध्येच मेला. सेलचा काँटॅक्ट सुटला असावा. आवाज बंद, पडदा कोरा. लोकांनी हुर्यो उडवली नाही, उलट टाळ्या सुरू केल्या. त्याने मागचं झाकण उघडलं, सेल दाबले, पुन्हा चालू केला आणि गाणं जिथे तुटलं त्याच्या थोडं आधीपासून उचललं. तेव्हा माझी दुसरी शंकाही फिटली. ही मंडळी नुसतं 'प्ले' दाबून उभी राहतात की काय, असं मला वाटत होतं. तो माणूस मात्र बटणांवर बोटं नाचवत चॅनेल बंद-चालू करत होता, कुठला तुकडा कधी यायचा ते तिथल्या तिथे ठरवत होता. अर्थात मूळ तुकडे घरून बांधून आणलेले असतात, हेही खरं. बंदिश आधीची, मांडणी त्या रात्रीची.

यासाठी लागणारी सॉफ्टवेअरं दोन-चार हौशी लोकांनीच लिहिली. जर्मनीच्या ऑलिव्हर विटचोव्हने १९९८ मध्ये नॅनोलूप केलं, स्वीडनच्या योहान कोटलिन्स्कीने २००० मध्ये लिटल साउंड डीजे. दुसऱ्यात एक फ्रेज सोळा पायऱ्यांची, फ्रेजची चेन, चेनचं गाणं. सगळे आकडे हेक्समध्ये! निन्टेंडोने हा खेळ संगीतासाठी बनवलाच नव्हता.

बाहेर आलो तेव्हा बारा वाजून गेले होते, बर्फ पडतच होता. भारतात रविवारची साडेदहाची वेळ. पार्टनरला फोन लावला. दोन वर्षांनी. म्हटलं, "तुझी ती आयडिया चालते रे. आत्ता ऐकून आलो." तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "मला माहितीये. मी नंतर करून पाहिलं होतं, जॉब लागायच्या आधी. घरी आई सोडून कुणी ऐकलं नाही."

मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "ठेव आता, इंटरनॅशनल कॉल आहे."

आपल्या लॅबमध्ये करून पाहा

आता कामाचं. ८०५१ चा कीट, १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, म्हणजे एक मशीन सायकल १ मायक्रोसेकंदाची.

१) बझर नको. तो स्वतःचाच सूर लावतो. छोटा ८ ओहमचा स्पीकर घ्या, सिरीजमध्ये १०० ओहम, आणि बीसी ५४७ ट्रान्झिस्टरने चालवा. ८०५१ ची पिन 'हाय' असताना फार थोडा करंट देते, म्हणून बाहेरून ४.७ किलोओहमचा पुल-अप द्या आणि बेसला १ किलोओहम. आमचा आवाज पहिल्या आठवड्यात न येण्याचं कारण हेच होतं.

२) ४४० हर्ट्झसाठी अर्धा आवर्तनकाळ ११३६ मायक्रोसेकंद. टायमर शून्य, मोड एक, रीलोड ६५,५३६ वजा ११३६ म्हणजे ६४,४००, हेक्समध्ये एफबी९०. दर इंटरप्टला पिन उलटी करा आणि टायमर पुन्हा भरा. इंटरप्टपर्यंत पोचायला काही मायक्रोसेकंद जातात, तेवढा सूर उतरतो. तो हिशोब तुम्ही दुरुस्त करा. क्रिस्टल ११.०५९२ चा असेल तर आकडे पुन्हा काढा, माझे उतरवू नका.

३) आता सा २४०, ग ३००, प ३६० हर्ट्झ धरा. अर्धे काळ २०८३, १६६७ आणि १३८९. टायमर एकला २०,००० मोजायला लावा, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी तो सूर बदलेल. ऐका. मग २० चे १०० मिलिसेकंद करून ऐका. कॉर्ड सुटते आणि तीन सूर वेगळे होतात. कुठल्या आकड्याला हे घडतं ते प्रत्येकाने आपल्या कानाने शोधायचं आणि रूममेटच्या कानाशी ताडून बघायचं.

शनिवारी दुपारी दोननंतर मी लॅबमध्ये असतो. प्रोग्रॅम चालत नसेल तर तसाच घेऊन या, अर्धवट असेल तर अर्धवट आणा. जोडीदाराला एक आठवडा हवा असेल तर तो आठवडा मागायलाही या, तारीख पुढे ढकलायचं माझ्याकडे लागलं. फक्त विकत घेतलेला आणू नका. तो मला लगेच ओळखता येतो, आणि का येतो, ते आता तुम्हाला माहीत आहे.