घटक ४ : वैज्ञानिकाचे आत्मचरित्र – फळ्यावरचे गणित आणि शिक्षकाची घडण



मागील घटकात आपण आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराची लक्षणे पाहिली. वर्तमानात उभे राहून भूतकाळाची केलेली जुळणी हे त्यांतील महत्त्वाचे लक्षण. जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राच्या आधारे ते येथे तपासावयाचे आहे. या ग्रंथास २०१४ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही त्यातील चार नगरे.

नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, बालपण बनारस हिंदू विद्यापीठाच्या परिसरातले. वडील तेथे गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार. एवढे वाचून विद्यार्थी उत्तरपत्रिकेत बहुधा एकच वाक्य लिहितात : 'घरच्या वातावरणामुळे त्यांना विज्ञानाची गोडी लागली.' हे वाक्य खोटे नाही, पण त्यातून काहीच हाती लागत नाही. प्राध्यापकांच्या घरची सगळीच मुले शास्त्रज्ञ होत नाहीत. वातावरण कोणत्या कृतीतून मुलापर्यंत पोहोचले, हे शोधावे लागते.

ती कृती या आत्मकथनात स्पष्ट दिसते. घरात मुलांसाठी फळे होते. शिक्षणासाठी त्यांच्याकडे राहावयास आलेले मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, त्यावर एखादे अवघड गणित लिहीत आणि वर इंग्रजीत शीर्षक देत : 'जविना यांस आव्हान'. जविना म्हणजे छोटा जयंत. गणित सुटेपर्यंत, किंवा मुलगा हार मानेपर्यंत, ते तसेच राहत असे. मामा समजावून सांगत बसत नसत. मुलाला लाभले ते उत्तर नव्हे. उत्तराविना काही काळ राहण्याची सवय लाभली.

येथे थोडे विषयांतर करतो. 'आव्हान' आणि 'आवाहन' या शब्दांत अनेकांचा घोटाळा होतो. संस्कृत 'आह्वान' या शब्दातील ह आणि व यांची मराठीत अदलाबदल होऊन 'आव्हान' झाले. 'आवाहन' हा शब्द वेगळा. त्याचा अर्थ विनंतीपूर्वक बोलावणे. मामांच्या फळ्यावर आव्हान होते खरे, पण त्यात आवाहनही मिसळलेले होते, असे मला वाटते.

केंब्रिजमधील यश आणि फ्रेड हॉईल यांच्यासमवेतचे संशोधन सर्वपरिचित आहे. आपल्या दृष्टीने १९७२ नंतरचा काळ अधिक महत्त्वाचा. त्या वर्षी ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठविली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आद्याक्षरे पाहा : जविना उलटून नाविज. पुढे पुण्यात 'आयुका' या आंतरविद्यापीठ केंद्राचे ते संस्थापक संचालक झाले. हे केंद्रच मुळी विद्यापीठांतील अध्यापक व विद्यार्थी यांच्यासाठी उभारलेले. व्याख्यानानंतर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा. उत्तर स्वाक्षरीसह येईल. फळ्यापुढे उभा असलेला मुलगा आता दुसऱ्या बाजूला आला होता, आणि प्रश्न विचारण्याचे काम त्याने मुलांकडे सोपविले होते.

मात्र सावध राहा. फळ्यापासून पोस्टकार्डापर्यंतची ही सरळ रेषा आपण ओढली आहे. फळ्यापुढील मुलाला पुण्याची कल्पना नव्हती. आत्मचरित्रात दोन 'मी' असतात : अनुभवणारा आणि सांगणारा. 'पुढे', 'नंतर लक्षात आले' अशी पदे आली की दुसरा 'मी' बोलू लागला, असे समजावे. मूळ ग्रंथ वाचताना अशा पदांखाली पेन्सिलीने रेघ ओढत जा.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून शिकत आहेत. काही जण स्वतः शिक्षक आहेत. सर्वांच्या घरी फळा नव्हता. तरीही पुढील कार्य सर्वांसाठी आहे.

स्वयंअध्ययन : बालपणी कोणीतरी तुमच्यापुढे टाकलेला आणि बराच काळ न सुटलेला एक प्रश्न आठवा. त्याविषयी सुमारे २०० शब्द लिहा. 'गोडी', 'आवड' व 'वातावरण' हे शब्द वापरू नका. लिहून झाल्यावर त्यातील सांगणारा 'मी' कोठे बोलतो, ती वाक्ये अधोरेखित करा.