एकाच पानावर अनेक हात: ओपन सोर्समधून घडणारं करिअर

संगणक शाखेकडे वळणाऱ्या मुलांचे पालक भेटले की प्रश्न ठरलेले असतात. जावा शिकवावी की पायथन? कोणता क्लास लावावा? या प्रश्नांमागची काळजी खरी आहे. फी मोठी असते, कंपन्यांची भरती कमी-जास्त होत राहते आणि आता एआय कोड लिहून देतं म्हटल्यावर पोटात गोळा येणारच. तरीही भाषेचं नाव ही दुय्यम गोष्ट आहे. कोणता अवघड प्रश्न सोडवायला शिकायचं, हे आधी ठरवावं. भाषा त्याच्या मागोमाग येते.

असा एक प्रश्न या लेखात सुचवतो आहे. एकाच वेळी अनेकांना एकाच पानावर, एकाच नकाशावर, एकाच तक्त्यात काम करू देणारी वेब-अ‍ॅप्लिकेशन्स कशी बनवायची? हा प्रश्न रोजच्या वापरातला आहे, खोल आहे, आणि तो शिकायला लागणारी उत्तम साधनं ओपन सोर्स, म्हणजे विनामूल्य आणि आतून उघडून पाहता येण्याजोगी आहेत.

अडचण नेमकी कुठे आहे?

समजा, दोन मैत्रिणी एकच प्रोजेक्ट रिपोर्ट आपापल्या घरून लिहीत आहेत. एकीने ओळीतलं दहावं अक्षर खोडलं. त्याच क्षणी दुसरीने ओळीच्या सुरुवातीला पाच अक्षरं घातली. ‘दहावं अक्षर खोडा’ ही पहिलीची आज्ञा दुसरीच्या संगणकावर जशीच्या तशी पाळली, तर भलतंच अक्षर उडेल. कारण तिथे ते अक्षर आता पंधरावं झालं आहे. दोन्ही पडद्यांवर वेगवेगळा मजकूर दिसू लागेल आणि पुढची प्रत्येक दुरुस्ती हा फरक वाढवत नेईल.

यावर दोन मोठी उत्तरं निघाली. पहिलं ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन. एलिस आणि गिब्ज या संशोधकांनी १९८९ मध्ये ते मांडलं. आलेली आज्ञा लागू करण्याआधी मधल्या बदलांनुसार तिचा क्रमांक सरकवायचा, दहाचा पंधरा करायचा, असं त्याचं सूत्र आहे. गूगल डॉक्स याच वाटेने जातं. दुसऱ्या उत्तराला सीआरडीटी म्हणतात. मार्क शपिरो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये त्याची नेमकी व्याख्या केली. मजकुराच्या बाबतीत त्यात प्रत्येक अक्षराला कायमची स्वतंत्र ओळख दिली जाते. वर्गात मुलगा कोणत्याही बाकावर बसला तरी हजेरीपटावरचा त्याचा नंबर बदलत नाही, तसं हे आहे. मग आज्ञा कोणत्याही क्रमाने पोचल्या, मध्ये इंटरनेट गेलं, तरी सगळे बदल पोचल्यावर सर्वांच्या प्रती सारख्याच होतात.

हाताशी काय आहे?

२००८ मध्ये आलेलं एथरपॅड हे ब्राउझरमध्ये एकत्र लिहिण्याचं सुरुवातीचं साधन. २००९ च्या अखेरीस गूगलने ते बनवणारी कंपनी विकत घेतली आणि एथरपॅडचा कोड सर्वांसाठी खुला झाला. पुढे स्वयंसेवकांनी ते नोड जेएसवर नव्याने लिहिलं.

आज नवं काही बांधायचं असेल तर वायजेएस आणि ऑटोमर्ज या सीआरडीटीच्या दोन लायब्ररी आधी पाहाव्यात. पहिली केविन यान्स या प्रोग्रॅमरने सुरू केली, दुसरी मार्टिन क्लेपमन आणि सहकाऱ्यांनी. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सतत उघडी राहणारी वाट म्हणजे वेबसॉकेट. त्याचं मानक २०११ मध्ये ठरलं. सॉकेट आयओ ही लायब्ररी ते काम सोपं करते. एकत्र आकृत्या काढण्याचं एक्सकॅलिड्रॉ आणि व्हिडिओ बैठकांचं जित्सी यांचाही कोड वाचायला मोकळा आहे. जित्सीचा उगम तर २००३ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग विद्यापीठातल्या एमिल इवोव या विद्यार्थ्याच्या प्रकल्पात आहे. कॉलेजातला प्रकल्प नुसत्या जर्नलपुरता आणि मार्कांपुरता ठेवायचा नसतो, हे यातून घ्यावं.

शिक्षणाची वाट

संगणक किंवा आयटीतली बीई-बीटेक, दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसरं वर्ष, बीसीए, किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स करून पुढे एमसीए, यांतली कोणतीही वाट चालेल. पदवी मात्र घ्यावीच. कॅम्पस भरतीत अनेक कंपन्या पहिली चाळणी तिच्यावरच लावतात. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि डेटाबेस हे चार विषय ‘पासिंगपुरते’ करू नयेत. या क्षेत्राचा पाया तोच आहे.

कॉलेजच्या बरोबरीने क्रमाने पुढे जावं. आधी कोणत्याही फ्रेमवर्कशिवाय एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट पक्कं करा. मग वेबसॉकेट वापरून दोन ब्राउझरमध्ये बोलणारं छोटं चॅट बनवा. त्यानंतर वायजेएस जोडून दोघांना लिहिता येईल असं पान तयार करा. ते चाललं की खरी परीक्षा सुरू होते. एका लॅपटॉपचं इंटरनेट बंद करा, दोन्हीकडे वेगवेगळा मजकूर लिहा, पुन्हा जोडा आणि काय झालं ते टिपून ठेवा. शेवटी लॉगिन, कुणी वाचावं आणि कुणी बदलावं याचे अधिकार, आणि पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये साठवण, एवढं जमवा. सगळं काम पहिल्या दिवसापासून गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवा. असा एक पूर्ण प्रकल्प दहा अर्धवट प्रकल्पांपेक्षा मुलाखतीत जास्त बोलतो.

मराठी मुलांच्या हाती असलेली गोष्ट

‘क्षि’ आपल्याला एक अक्षर वाटतं. संगणकाच्या लेखी ते क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार तुकडे आहेत. एकाने त्यातला एक तुकडा खोडला आणि दुसऱ्याने तिथेच काही घातलं, तर दोन्ही प्रती जुळतील, पण अक्षर मोडलेलं असेल. देवनागरीत रोज न लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरला अशी चूक सहज दिसणार नाही. मराठीत लिहिणाऱ्या मुलाला ती पटकन दिसेल. ती नेमकेपणाने नोंदवणं हेही ओपन सोर्समधलं खरं योगदान आहे. इंग्रजी अस्खलित नसलं तरी चालेल. चूक कशी घडते त्याच्या पायऱ्या साध्या वाक्यांत लिहिता आल्या की पुरे.

काम करण्यासाठी दारं उघडी आहेत. आयआयटी मुंबईतला फॉसी प्रकल्प ओपन सोर्सवर विद्यार्थ्यांना फेलोशिप देतो. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवशिक्यांनाही, वय १८ पूर्ण असेल तर, त्यात भाग घेता येतो. मुंबईतल्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्या फ्रेमवर्कमध्ये ताबडतोब दिसणाऱ्या बदलांसाठी सॉकेट आयओच वापरलं आहे. कुठेही सुरुवात मार्गदर्शिका वाचून, चुका नोंदवून आणि छोट्या दुरुस्त्या पाठवून करावी. मात्र दुसऱ्याचा कोड आपल्या कामात घेताना परवाना आधी वाचा. एमआयटी परवाना बरीच मोकळीक देतो. जीपीएलखालचा कोड घेऊन बनवलेलं सॉफ्टवेअर वाटायचं असेल, तर त्याचा कोडही खुला करावा लागतो.

पालकांशी दोन शब्द

केवळ सहलेखनाची साधनं बनवण्याच्या नोकऱ्या मोजक्याच आहेत, हे आधीच माहीत असावं. पण हे शिकलेल्या मुलाला सर्व्हर, नेटवर्क, डेटाबेस आणि ब्राउझर या चारही बाजू कळतात, आणि तशी माणसं बँकिंग, आरोग्य, शिक्षण, वाहतूक अशा सगळ्या क्षेत्रांत लागतात. एआय कोडच्या ओळी झरझर लिहून देईल. दोन प्रती का जुळल्या नाहीत हे शोधून त्या कोडची जबाबदारी घेणं माणसालाच करावं लागेल, आणि त्यासाठी आतलं समजलेलं असावं लागेल.

सहा महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातींवर लाखभर रुपये घालण्याआधी थांबा. या अभ्यासाला साधा लॅपटॉप, बऱ्यापैकी इंटरनेट आणि दीड-दोन वर्षांचा संयम लागतो. पॅकेजचा आकडा विचारण्याऐवजी महिन्यातून एकदा मुलाला किंवा मुलीला विचारा: या महिन्यात काय बनवलंस, ते कुठे अडलं आणि तू ते कसं सोडवलंस? तांत्रिक शब्द कळले नाहीत तरी उत्तरातला प्रामाणिकपणा तुम्हाला नक्की कळेल.

आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पुढच्या क्लासची चौकशी करण्याआधी एक प्रकल्प निवडा, त्याचा कोड उतरवून घ्या आणि आपल्या लॅपटॉपवर चालवून पाहा. त्यासाठी कुणाच्याही परवानगीची गरज नाही.