अलंकार शोभवितो कोणाला?

अभिषेकाच्या वेळी पुजारी मूर्तीवरील मुकुट, कुंडले, हार असे सर्व अलंकार उतरवून ठेवतो आणि समोर केवळ शिळेची मूर्ती उरते. परंतु त्या क्षणी देवाचे देवपण उणे झाले, असे कोणाही भाविकास वाटत नाही. उलट, त्या निरलंकृत रूपाचे दर्शन घडावे म्हणून माणसे पहाटे उठून येतात. देवाविषयी जे सत्य आपण इतक्या सहज मानतो, ते मनुष्याविषयी मात्र आपल्या गळी उतरत नाही. लग्नमांडवात आलेल्या स्त्रीच्या गळ्याकडे आधी पाहावे आणि मुखाकडे नंतर, अशी आपली रीत होऊन बसली आहे. म्हणून अलंकार म्हणजे काय आणि तो शोभवितो तरी कोणाला, याचा विचार या पाठात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दच पाहू. ‘अलम्’ म्हणजे पुरेसे आणि ‘कृ’ म्हणजे करणे. जो पुरेपण आणतो तो अलंकार. आता पुरेपण आणावयाचे ते देहाला की देहात वसणाऱ्याला? या प्रश्नाचे उत्तर काश्मीरच्या आचार्य अभिनवगुप्तांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी देऊन ठेविले आहे. आनंदवर्धनांच्या ‘ध्वन्यालोक’ ग्रंथावरील आपल्या ‘लोचन’ टीकेत काव्यातील अलंकारांची चर्चा करताना त्यांनी दोन दृष्टांत दिले. निष्प्राण देहाच्या कानांत कुंडले घातली तरी ती शोभत नाहीत, कारण ज्याला शोभवायचे तोच तेथे उरलेला नसतो. संन्याशाच्या हातात कडे घातले तर पाहणाऱ्यास हसू येते, कारण त्या विरक्त पुरुषास ते उचित नव्हे. देह म्हणून पाहिले तर दोन्हीकडे देहच आहे. त्याला उचित काय आणि अनुचित काय? यावरून आचार्यांनी निष्कर्ष काढिला की, खरोखर अलंकृत होतो तो आत्माच, कारण ‘मी सजलो’ ही जाणीव त्याची असते. वेदान्तातील परिपूर्ण आत्म्याला कशाचीच भर नको, हे खरे. येथे आत्मा म्हणजे ‘मी’ म्हणणारा जीव, असे वाचकांनी समजावे.

पुढे मम्मटाचार्यांनी ‘काव्यप्रकाशा’त हाच विचार अधिक रेखीव केला. शौर्यादी गुण हे आत्म्याचे धर्म होत, ते त्याला सोडून जात नाहीत. हारादी अलंकार अंगावर असतात आणि अंगाच्या द्वाराच शोभा देतात, तीही नेहमीच देतात असे नाही. हार काढून ठेविता येतो, शौर्य काढून ठेविता येत नाही. मनुष्याचे मोठेपण कोठे शोधावे, हे सांगण्यास एवढी एक खूण पुरेशी आहे.

या विवेचनाला इतिहासाचा आधार हवा असेल तर तो दूर शोधावयास नको. आपल्याच मध्य प्रदेशात, नर्मदाकाठी महेश्वर येथे, पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य केले. त्यांच्या मृत्यूनंतर पाव शतकाच्या आत सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यात त्यांच्याविषयीची माहिती गोळा केली आणि ती १८२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. बाई नेहमी साधे पांढरे वस्त्र नेसत आणि एका लहानशा कंठ्यावाचून अंगावर काही दागिना घालीत नसत, असे तो लिहितो. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई यांनी अहिल्याबाईंची कीर्ती ऐकून त्या दिसतात कशा हे पाहण्यास आपली एक दासी पाठविली, अशी गोष्टही त्याने नोंदविली आहे. दासीने परत येऊन सांगितले की, बाई नाकीडोळी देखण्या नाहीत, परंतु त्यांच्या मुखावर दिव्य तेज आहे. आनंदीबाईंनी त्यातला देखणेपणाचा भाग तेवढा ऐकिला आणि त्या समाधान पावल्या. एकीने डोळ्यांनी पाहिले ते दुसरीला कानांनी ऐकूनही कळले नाही.

स्तुती हाही एक अलंकारच आहे आणि तो सोन्याहून जड असतो. एका ब्राह्मणाने बाईंच्या गौरवार्थ ग्रंथ रचिला. तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, आपण अशा प्रशंसेस पात्र नाही असे म्हटले आणि ग्रंथ नर्मदेत टाकावयास सांगितला. ज्यांनी काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० साली पुन्हा उभे केले, त्यांना आपल्या नावाचा हार गळ्यात नको होता.

येथे कोणी आक्षेप घेईल की, बाईंचे पांढरे वस्त्र हा त्याग नव्हता, तो वैधव्याचा आचार होता. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले, तेव्हापासून तो आचार त्यांच्या वाट्यास आला. आक्षेप योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस उचित वाटत नाही. स्वतः होऊन सोडिलेला अलंकार आणि हातातून फोडून घेतलेली बांगडी यांत दिवसरात्रीचे अंतर आहे. पहिल्यात आत्म्याची श्रीमंती दिसते, दुसऱ्यात समाजाचे दारिद्र्य. अहिल्याबाईंची थोरवी पांढऱ्या वस्त्रात नव्हती. त्या रोज दरबारात बसून रयतेची गाऱ्हाणी ऐकत आणि धनिकांच्या निपुत्रिक विधवांचे द्रव्य सरकारजमा न करता त्यांचे त्यांना राखू देत, यात ती होती.

अलंकृत होणारा आत्माच असेल, तर पतीच्या निधनाने त्या आत्म्याला कोणते उणेपण आले, याचे उत्तर आपल्या रूढीजवळ नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी ठराव करून कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार बंद केले, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढिले. आचार्यांच्या टीकेचे तात्पर्य त्या गावाने कृतीने सांगितले, असे आम्ही म्हणू.

आपल्या बालाघाटकरांना आणखी एक दृष्टांत घरचाच आहे. भरवेलीच्या खाणीतून निघणारे मँगनीज काळे, ओबडधोबड असते. त्याचा दागिना कोणी घडवीत नाही, परंतु पोलादाला बळकटी येते ती त्याच्यामुळे. गुणांचेही तसेच आहे. ते गळ्यात दिसत नाहीत, पण घर त्यांच्यावर उभे असते. मग धान विकून आलेला पैसा अपुरा पडला म्हणून शेत गहाण टाकून मुलीच्या अंगावर सोने घालणारा बाप कोणाला शोभवितो? मुलीला नव्हे, पाहणाऱ्यांच्या डोळ्यांना.

तेव्हा वाचकहो, सोने टाकून द्या असे आमचे सांगणे नाही. ऐपतीप्रमाणे घालावे, आनंदाने घालावे, परंतु त्याने माणूस मोजू नये. आणि पुढील हळदीकुंकवास आपल्या आळीतील ज्या बहिणीला आजवर बोलावणे गेले नाही, तिच्या घरी पहिले बोलावणे पाठवावे.