आधी उतरायला शीक

अमरावती,
डिसेंबरचा दुसरा रविवार

चि. पोरी,



काल रात्री वहिनींचा फोन आला. कापसाच्या भावाचं बोलून झालं, तेलंगणातल्या आपल्या बेल्यात यंदा थंडी किती पडली तेही झालं. मग हळूच म्हणाल्या, "भाऊजी, पोरगी पहाटे उठून शाळेच्या ओट्यावरून उड्या मारते. रोज दोनशे. आता पायऱ्या उतरताना नडगी धरते. माझं काही ऐकत नाही, तुम्हीच सांगा." फोनवर सांगितलं असतं तर तू "हो काका" म्हणून मोकळी झाली असतीस. म्हणून पत्र लिहितो आहे. पत्र जपून ठेवता येतं आणि राग गेल्यावर पुन्हा वाचता येतं.

मी रागावलो नाही. तुझ्या वयात मी याहून मोठा मूर्खपणा केला होता. एका पुस्तकात उंचावरून उडी टाकणाऱ्या खेळाडूंची चित्रं पाहिली आणि खळ्यात उभ्या असलेल्या बंडीवर चढलो. बंडीवरून खाली उडी, लगेच वर उडी, पुन्हा बंडीवर. खळं शेणानं सारवून दगडासारखं झालेलं. पंधरा दिवस शेजारच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. सोळाव्या दिवशी नडगीच्या हाडावर एका बोटाएवढ्या जागेत अशी कळ आली की संध्याकाळी जमिनीवर पाय टेकेना. हाडाला बारीक चीर गेली होती. खो-खोचा तो सबंध हंगाम मी ओट्यावर बसून पाहिला. मी चित्रं पाहिली होती, चित्राखालची ओळ वाचली नव्हती. तू मोबाइलवर पाहतेस त्या चित्रफितींना तर खाली ओळही नसते.

या व्यायामाला प्लायोमेट्रिक म्हणतात. नाव अवघड असलं तरी गोष्ट सोपी आहे आणि ती तू घरीच पडताळून पाहू शकतेस. भिंतीजवळ उभी राहा, बोटाला खडू लाव. गुडघे वाकवून खाली जा, तिथेच तीन आकडे मोज आणि मग वर उडी मारून भिंतीवर खूण कर. थोडा दम खा. आता सरळ उभं राहून पटकन खाली जा आणि न थांबता वर उडी मार. दुसरी खूण पहिलीच्या वर उमटेल. पाय तेच, ताकद तीच. मग ती वरची चार बोटं कुठून आली?

ती ताणातून आली. खाली जाताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू आणि टाचेमागचा तो जाड दोर, ज्याला अ‍ॅकिलीस टेंडन म्हणतात, हे सगळं ताणलं जातं. ताणलेल्या स्नायूत आणि दोरात ताकद साठते. त्याच वेळी स्नायूतल्या सूक्ष्म तारा मज्जारज्जूला कळवतात की ताण पडतो आहे, आणि स्नायू आणखी जोरात आकसतो. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडीनं टिचकी मारतात तेव्हा पाय आपोआप उडतो ना, तीच ही वाट. पण ही साठवण टिकाऊ नाही. खाली जाऊन रेंगाळलीस की ती उष्णता होऊन निघून जाते. रबरी चेंडू आपटला की उसळतो, ओल्या काळ्या मातीचा गोळा आपटला की तिथेच बसतो. आपल्याला चेंडू व्हायचं आहे. वेगवान उड्यांमध्ये पाय जमिनीवर पाव सेकंदापेक्षाही कमी टेकतो. पूर्ण वेगात धावणाऱ्या खेळाडूचा पाय तर सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापुरताच. एवढ्यात जेवढा जोर जमिनीला देता येईल तेवढाच कामाचा. बाकीची ताकद घरी ठेवल्यासारखी.

आता हे तुझ्या खो-खोला लावून पाहा. पळणारी हुलकावणी देते, एका पायावर थबकून दुसरीकडे सुटते, तिथे ही उसळी लागते. पण चौरसात बसलेली मुलगी 'खो' ऐकून उठते तेव्हा तिला आधी खाली जायला जागाच नसते, ती बसलेलीच असते. म्हणजे ती आपल्या भिंतीवरची पहिली उडी झाली, तीन आकडे मोजून मारलेली. तिथे निव्वळ ताकद लागते. म्हणून नुसत्या उड्या मारून तू चांगली आक्रमक, म्हणजे पाठलाग करणारी, होणार नाहीस. बैठका हव्यातच. उसळी आणि ताकद या दोन बैलांची जोडी आहे. एकट्याला जुंपलं तर बंडी वाकडी जाते.

हा उंचावरून पडून उसळण्याचा प्रकार पद्धतशीर मांडला मॉस्कोच्या युरी वेर्खोशान्स्की यांनी. ते तिहेरी उडीच्या खेळाडूंना शिकवत. १९६० च्या दशकात त्यांनी त्यावर लिहिलं आणि या पद्धतीला धक्क्याची पद्धत म्हटलं. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेच्या फ्रेड विल्ट या जुन्या ऑलिंपिक धावपटूनं 'प्लायोमेट्रिक्स' हा शब्द रूढ केला. पण लक्षात घे, वेर्खोशान्स्कींचे पठ्ठे वर्षानुवर्षं वजनं उचलून पोलादी झालेले होते. धक्का हा त्यांच्या जेवणातला शेवटचा घास होता. तू तो पहिलाच घास घेतलास, आणि रोज घेतलास.

उसळी मात्र आपल्या अंगणात परकी नाही. लंगडी काय आहे? एका पायावर सलग उसळ्या आणि मध्येच दिशा बदलणं. ठिकरी, दोरीवरच्या उड्या, सगळं तेच. मी ज्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो, ते १९१४ सालचं. त्याचं पथक १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला जाऊन खो-खोसारखे देशी खेळ दाखवून आलं होतं. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. तो सामना पुन्हा बघ, पण चषकाकडे पाहू नकोस. प्रत्येक थांबण्याच्या वेळी त्या मुलींचे गुडघे कुठे आहेत ते पाहा.

साधनं नाहीत म्हणून तू ओट्यावर चढलीस, हेही मला कळतं. नाशिक जिल्ह्यातला शेतकऱ्याचा मुलगा सर्वेश कुशारे उंच उडी शिकला तेव्हा त्याच्याकडेही गादी नव्हती. त्याच्या गुरुजींनी मक्याचा भुसा भरून पडायची जागा केली. पुढे तो २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला गेला. या गोष्टीत लोक गरिबी पाहतात. मला त्यात गुरुजींचं शहाणपण दिसतं. त्यांनी आधी मुलाच्या पडण्याची सोय केली, मग त्याला उडवलं.

माझंही सांगणं तेवढंच आहे. आधी उतरायला शीक. उडी मारताना अंगावर जेवढा भार येतो त्याहून जास्त उतरताना येतो, आणि तो गुडघ्यानं, घोट्यानं, नडगीनं सोसायचा असतो. मुलींच्या गुडघ्यांना उतरताना आत वळायची खोड असते, आणि गुडघ्यातला मुख्य बंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. तो बंध तुटला की वर्ष जातं. म्हणून आरशापुढे किंवा मैत्रिणीपुढे उतर. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत हवा, कंबर मागे, छाती थोडी पुढे. आवाज 'टप' असा हलका यायला हवा. 'धाड' असा आला तर भार स्नायूंनी नाही, हाडांनी घेतला.

आता वेळापत्रक. पहिलं म्हणजे नडगी पूर्ण शांत होईपर्यंत एकही उडी नाही. दुखणं पसरट असेल तर विश्रांतीनं जाईल. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर आदिलाबादला जाऊन हाडांच्या डॉक्टरांना दाखव, माझ्यासारखी वाट पाहू नकोस. तोवर बैठका, एका पायावर उठणं-बसणं आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं चालू ठेव. पण त्यातही नडगी बोलली तर तेही बंद.

मग आठवड्यातून फक्त दोन दिवस उड्या, आणि दोन्हींमध्ये किमान ४८ तासांची मोकळीक. पहिले दोन आठवडे एका पायरीच्या उंचीवरून नुसतं उतरायचं आणि पुतळ्यासारखं तीन आकडे थांबायचं. जोडीला थोडी दोरी. पुढचे दोन आठवडे उभ्यानं लांब उडी, प्रत्येक उडीनंतर थांबून. त्यानंतरचे दोन आठवडे सलग उड्या. दोन विटांवर पऱ्हाटीची काडी आडवी ठेव, अशा पाच-सहा काड्या ओळीनं मांड आणि न थांबता ओलांड. पाय लागला तर काडी पडेल, तू नाही पडणार. मग लंगडी, दोन्ही पायांवर दहा-दहा मीटर. शेवटचे दोन आठवडे पाच-सात पावलं धावत येऊन उडी. ओट्यावरून पडून उसळणं या आठ आठवड्यांत नाही. पुढच्या वर्षी बोलू.

मोजायचं असेल तर उड्या मोजू नकोस, पाय जमिनीला किती वेळा लागला ते मोज. नवख्याला एका दिवसात ८० ते १०० पुरे, तू ६० पासून सुरू कर. प्रत्येक फेरीनंतर फेरीच्या पाच ते दहापट वेळ थांब. दम लागावा म्हणून हा व्यायाम नसतो. थकून मारलेली उडी मंद असते, आणि मंद उडी मंदपणाच शिकवते. उडी बुटकी झाली किंवा आवाज वाढला की त्या दिवशीचं काम संपलं, मग आकडा कितीही झालेला असो.

जागेचं सांगतो. सिमेंटवर अजिबात नाही. वेचणी झालेल्या रानातल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात घोटा अडकला की संपलं. पैनगंगेची वाळू पाय सांभाळते, पण उसळी खाते, म्हणून उतरायला शिकताना आणि लांब उडीच्या खड्ड्यात वाळू, बाकी सगळं शाळेच्या मैदानावरच्या गवतात. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे हाडं गोठतात, तेव्हा दहा-पंधरा मिनिटं पळून, अंग गरम करूनच सुरुवात कर. खरं तर या दिवसांत संध्याकाळ बरी. आणि ज्या दिवशी आईबरोबर कापूस वेचायला गेलीस त्या दिवशी उड्या नकोत. दिवसभर वाकून कंबर आणि पाय आधीच राबलेले असतात. शेतातलं काम शरीर व्यायामातच धरतं, वहीत लिहिलं नाही म्हणून सोडत नाही.

जेवणाला कमी करू नकोस. भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडं. वजन कमी असलं की उडी उंच जाते असं कुणीतरी सांगेल. अर्धपोटी हाड मात्र लवकर चिरतं. पाळी चुकायला लागली तर लाजू नकोस, आईला सांग आणि आरोग्य केंद्रात जा. शरीर कमी पडतं आहे याची ती खूण असते. हे काका म्हणून नाही, तुझा मास्तर म्हणून लिहितो.

तुझ्या डोक्यात पोलीस भरती आहे, तेही वहिनींनी सांगितलं. तेलंगणातल्या २०२२ च्या भरतीत मुलींना ८०० मीटर ५ मिनिटं २० सेकंदांत, लांब उडी अडीच मीटर आणि ४ किलोचा गोळा ४ मीटर, असं होतं. पुढचं पत्रक निघेल तेव्हा आकडे त्यातले धर. पण अडीच मीटर ही उडी धावत येऊन, फळीवर पाय नीट पडला तर तुला आजही जाईल. तिच्यासाठी रोज दोनशे वेळा हाडं आपटायची गरज नव्हती. गरज आहे पावलं मोजायची, म्हणजे फळी चुकणार नाही. भरतीच्या मैदानात पोरी ताकदीनं कमी आणि बाद उडीनं जास्त हरताना मी पाहिल्या आहेत.

आपल्याच राज्याच्या अगसरा नंदिनीनं हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत सात प्रकारांच्या हेप्टॅथलॉनमध्ये कांस्य मिळवलं, हे तुला माहीत असेल. सातांत उंच उडी आहे, लांब उडी आहे, अडथळे आहेत, फेकही आहे. सात कामं करणाऱ्या मुलीला एकाच कामावर पाय जाळणं परवडत नाही. तुलाही शाळा, खो-खो, वेचणी आणि भरती अशी चार कामं आहेत. पाय मात्र दोनच.

संक्रांतीला मी येतो आहे. किती उडालीस ते मला सांगू नकोस. मी मैदानाच्या कडेला डोळे मिटून बसेन, तू उड्या मार. आवाज ऐकून सांगेन, तू पत्र वाचलंस की नाही ते.

दादाला नमस्कार सांग, वहिनींना सांग काळजी करू नका.

तुझा,
काका