सिंहलद्वीपाला जाताना : उपासकांसाठी पाठ



मनमाडकरांना प्रवास नवा नाही. चळवळीचा इतिहासही याच परिसरातून गेला आहे. १९३५ साली शेजारच्या येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली. १९३८ च्या फेब्रुवारीत दलित रेल्वे कामगारांची परिषद मनमाडला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. पुढे १९५० साली बाबासाहेब श्रीलंकेत कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि तेथील बौद्ध जीवन त्यांनी स्वतः पाहिले. त्या देशाला जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी हा पाठ आहे.

प्रथम हेतू स्पष्ट असू द्या. आपण पुण्य गाठीला बांधायला जात नाही, पाहायला आणि शिकायला जातो. म्हणून कर्ज काढून जाऊ नका. मुलांची फी आधी, प्रवास नंतर. घरी राहून पंचशील पाळणारा उपासक कशातही उणा नाही.

तयारी : प्रत्येकाचा पासपोर्ट हवा, लहान मुलांचाही, आणि त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. श्रीलंकेची प्रवेश-परवानगी निघण्यापूर्वीच ऑनलाइन घ्या. तिचे नियम व शुल्क बदलत असतात, म्हणून त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा. दलालाच्या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका, पावती मागा. मनमाडहून मुंबई रेल्वेने सुमारे २६० किलोमीटर आहे. तेथून विमान अडीच तासांच्या आसपास कोलंबोला पोहोचवते. तेथील घड्याळ आपल्याच वेळेचे आहे.

हवामान : हा देश विषुववृत्ताजवळ आहे. उकाडा आणि दमटपणा बारमाही. कोलंबोकडे मे ते सप्टेंबर मोसमी पाऊस असतो, तर अनुराधपुराकडे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या. डेंग्यू असल्याने दिवसाही डासांपासून जपा. पाणी उकळलेले किंवा बंद बाटलीचेच प्या. तहानेला 'थंबिली' हे केशरी शहाळे उत्तम. वडीलधाऱ्यांची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जवळच्या पिशवीत ठेवा.

काय पाहावे : कोलंबोपासून सुमारे २०० किलोमीटरवर अनुराधपूर आहे. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचा वृक्ष तेथे आजही उभा आहे. जवळच मिहिंतले येथे महिंद थेरांनी राजा देवानंपिय तिस्स याला धम्म सांगितला. तेथे सुमारे १८४० पायऱ्या आहेत, म्हणून पहाटेच चढा. जूनच्या पोसोन पौर्णिमेला दोन्ही ठिकाणी अफाट गर्दी असते. पौर्णिमेला सर्वत्र सुटी असते व दारूविक्री बंद असते.

वर्तन : विहारात शुभ्र वस्त्रे, खांदे व गुडघे झाकलेले. चपला व टोपी बाहेर. दुपारी फरशी तापते, म्हणून मोजे चालतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नका. दंडावर बुद्धप्रतिमा गोंदलेली असेल तर तरुणांनी विचार करूनच निघावे. २०१४ साली अशाच कारणाने एका ब्रिटिश महिलेला परत पाठवण्यात आले होते. भाषा येत नाही म्हणून बिचकू नका. आपल्या विहारात म्हणतो तेच पाली त्रिसरण-पंचशील तेथील आजीबाईही म्हणते.

शेवटी एक गोष्ट डोळे उघडे ठेवून पाहा. १७५३ साली स्थापन झालेल्या तेथील सियाम निकायात प्रव्रज्या परंपरेने गोविगम या वरच्या मानलेल्या जातीपुरतीच राहिली. तेव्हा इतर जातींच्या लोकांनी १८०० च्या सुमारास ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा आणली आणि अमरपूर निकाय उभा केला. म्हणजे बुद्धाच्या नावाने चालणाऱ्या देशातही जात शिरली आणि तिच्याशी झगडावे लागले. हे पाहून खचू नका. आपल्या घरात पोटजात पाहून सोयरीक ठरते का, हा प्रश्न परतताना सोबत आणा. तेथून आणलेल्या मूर्तीपेक्षा तो अधिक उपयोगी पडेल.