नदीखोरे हाच नियोजनाचा घटक
चंद्रपूर-गडचिरोलीतील पाणीपुरवठ्याचा एक अभ्यास

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील वनजिल्हे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. प्रशासनाच्या सोयीसाठी दोहोंमध्ये सीमा आखली गेली, तरी दोहोंचे पाणी एकाच प्रवाहाला मिळते. चंद्रपूर शहराजवळून वाहणारी इरई वर्धेला मिळते, पुढे वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता निर्माण होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. म्हणून या भागातील पाण्याचा विचार शहर, तालुका वा जिल्हा यांच्या हद्दीत करून भागत नाही. नदीखोरे हाच त्याचा खरा घटक होय.

या प्रदेशात वर्षाकाठी सरासरी १,२०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात टंचाई जाणवते. बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो आणि बऱ्याच भागातील कठीण खडकात पाणी फारसे मुरत नाही, हे तिचे एक कारण. एकाच साठ्यावर अनेकांची मागणी येते, हे दुसरे कारण. पहिले निसर्गाधीन आहे; दुसऱ्याचा उपाय नियोजनात आहे.

एक धरण, दोन मागण्या

गोंड राजवटीत चंद्रपूर नगरास परकोट बांधला गेला. परकोटाच्या आत रामाळा तलाव होता आणि पाण्याची साठवण नगररचनेचाच भाग होती. आधुनिक काळात शहर वाढले, आसपास कोळशाच्या खाणी सुरू झाल्या आणि १९८३ मध्ये औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच कार्यान्वित झाला. केंद्रासाठी इरई नदीवर धरण बांधण्यात आले. चंद्रपूर शहराची तहानही आज मुख्यत्वे हेच धरण भागविते.

या दोन मागण्यांचे प्रमाण साध्या हिशेबाने समजून घेता येते. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ३,२०,३७९ होती. मलनिःसारण व्यवस्था असलेल्या शहरासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले, तर रोजची गरज सुमारे ४.३ कोटी लिटर होते. वीज केंद्राची स्थापित क्षमता, जुने दोन संच निवृत्त झाल्यानंतर, २,९२० मेगावॉट आहे. अशा केंद्रांसाठी केंद्र शासनाने २०१५ मध्ये प्रति मेगावॉट-तास ३.५ घनमीटर ही पाणीवापराची कमाल मर्यादा ठरविली. सर्व संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले, तर या मर्यादेनुसार रोज सुमारे २४.५ कोटी लिटर पाणी लागेल. म्हणजे शहराच्या गरजेच्या साडेपाचपटीहून अधिक.

पाऊस समाधानकारक झाला की या दोन्ही गरजा भागतात. तो कमी झाला की प्रश्न उभा राहतो. २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरणातील साठा खालावला आणि वीज केंद्रातील संच बंद ठेवण्याची वेळ आली. पिण्याच्या पाण्यास अग्रक्रम हे राज्याच्या जलनीतीचे तत्त्व आहे. तथापि संच बंद पडले, तर त्याची झळ दूरच्या कारखान्यांना व कृषिपंपांनाही लागते. केवळ कपातीच्या आदेशाने हा पेच सुटत नाही. त्यासाठी पाण्याचा दुसरा स्रोत हवा.

सांडपाणी : हाताशी असलेला स्रोत

शहराला पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाण्याच्या रूपाने परत येते, असे नियोजनात धरतात. या प्रमाणाने चंद्रपुरातून रोज जवळजवळ साडेतीन कोटी लिटर सांडपाणी मिळू शकते. ते प्रक्रियेविना सोडले तर झरपट व इरई दूषित होतात. शुद्ध करून वीज केंद्रास दिले तर तेवढेच स्वच्छ पाणी धरणात शिल्लक राहते. केंद्राच्या पूर्ण क्षमतेच्या गरजेचा हा सुमारे सातवा हिस्सा असला, तरी नागरिकांच्या दृष्टीने तो शहराच्या रोजच्या गरजेच्या चार-पंचमांश इतका आहे.

ही कल्पना नवी नाही. नागपुरात भांडेवाडी येथील प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्रास देण्यात आले. मलजल प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांनी असे पाणी वापरावे, अशी तरतूद केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणात आहे. खाणींतून उपसल्या जाणाऱ्या पाण्याची मोजदाद करून तेही योग्य प्रक्रियेनंतर उपयोगात आणणे इष्ट ठरेल.

वन आणि तलाव

इरई धरणाचा फुगवटा ताडोबाच्या सीमेवरील मोहर्लीपर्यंत पोहोचतो. पाणलोटात वन टिकून असेल तर पावसाचा मारा भूमीवर थेट बसत नाही, मातीची धूप मंदावते आणि धरणात गाळ कमी येतो. म्हणून वनरक्षण हे पाणीपुरवठ्याचेही काम आहे.

पूर्वेकडील धानपट्ट्यात मालगुजारी तलावांची मोठी परंपरा आहे. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे आले. लहान तलावांची व्यवस्था जिल्हा परिषदांकडे गेली. पूर्वी पाळीची डागडुजी गावच करीत असे. ती जबाबदारी सैल झाल्यावर अनेक तलाव व बोड्या गाळाने भरल्या. तलावातून भूजलाचेही पुनर्भरण होते. चंद्रपूर जिल्ह्यातील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण लिटरमागे १.५ मिलिग्रॅम या मर्यादेपलीकडे आढळते. तेथे नवीन विंधन विहीर खोदण्यापूर्वी पाण्याची तपासणी आणि तलावाची दुरुस्ती या दोहोंचा विचार व्हावयास हवा.

प्रादेशिक नियोजन म्हणजे एकच मोठी नळयोजना, असा समज मात्र योग्य नव्हे. गडचिरोली जिल्ह्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वनव्याप्त आहे आणि पाडे दूरदूर विखुरलेले आहेत. तेथे दीर्घ जलवाहिनीपेक्षा स्थानिक विहीर व छोटी योजना अधिक भरवशाची ठरते. मोठे शहर आणि लहान पाडा यांच्या योजना निरनिराळ्या असाव्यात. पाण्याचा हिशेब मात्र एकत्र असावा.

पंचायतींचे स्थान

अनुसूचित क्षेत्रातील लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन योग्य स्तरावरील पंचायतींकडे सोपविण्याची तरतूद १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमात आहे. या अधिकाराचा उपयोग व्हावयाचा तर प्रत्येक गावाने आपल्या पाण्याचा ताळेबंद मांडला पाहिजे. पावसाची नोंद, तलावातील साठा, विहिरींची उन्हाळी पातळी आणि माणसे, जनावरे व पिके यांची गरज एवढी माहिती त्यास पुरेशी आहे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून विद्यार्थ्यांकडून रोजची नोंद ठेवता येईल. पावसाळा संपताच हा ताळेबंद ग्रामसभेपुढे वाचला गेला, तर टंचाईची चाहूल मे महिन्याऐवजी ऑक्टोबरातच लागेल.

गावांचे असे ताळेबंद, महानगरपालिकेचा पाणीपुरवठा व उद्योगांचा वापर ही सर्व माहिती नदीखोरेवार एकत्र आली, म्हणजे कोणाच्या वाट्याचे पाणी कोठून येते हे स्पष्ट होईल. टंचाईच्या वर्षी प्रथम कोणाची कपात करावयाची, हेही मग धरण रिते होण्यापूर्वीच ठरविता येईल. चंद्रपूरच्या नळाला बारमाही पाणी राहणे हे जसे धरणावर, तसेच शहराच्या सांडपाण्यावर, ताडोबाच्या वनावर आणि गावोगावच्या नोंदवहीवरही अवलंबून आहे.