अवघड जागेचं दुखणं

मधुमेहाची नवी गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत लिंगाच्या टोकाला खाज, लाली आणि लघवीच्या वेळी चुरचुर सुरू झाली, तर त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, ना गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी, ना ती देणाऱ्या मेडिकलवाल्याने. म्हणून इथे आडपडदा न ठेवता लिहितो आहे. लाजेपायी माणसं हे दुखणं महिनोन्‌महिने अंगावर काढतात, आणि बहुतेक वेळा ते साध्या औषधाने बरं होणारं असतं.

या दुखण्याला बॅलनायटिस म्हणतात. माझ्या बाबतीत ते ऐन पावसाळ्यात सुरू झालं. पनवेलहून सकाळची सीएसएमटी लोकल, गर्दीत घामाने भिजलेले कपडे, आणि ते दिवसभर अंगावरच वाळायचे. आधी नुसती खाज होती. मग टोकाची कातडी लालबुंद आणि चकचकीत झाली. पुढची कातडी मागे घेतली की आत दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा थर दिसायचा, कडेला बारीक चिरा. लघवी लागली की अंगावर काटा यायचा.

मेडिकलमध्ये ‘तिथे खाज येते’ एवढं सांगितलं की एक ट्यूब हातात पडते. माझ्याही पडली. त्यावरची बारीक अक्षरं वाचली तर बुरशीचं औषध, एक-दोन अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल नावाचं जोरकस स्टेरॉइड अशी सगळी मिसळ एकाच मलमात. लावल्याबरोबर खाज थांबते, लाली उतरते, आणि माणसाला वाटतं की गुण आला. प्रत्यक्षात स्टेरॉइडने सूज दाबलेली असते, बुरशी तशीच राहते. मलम थांबवलं की दुखणं दुपटीने उसळतं, आणि सतत लावत राहिलं तर तिथली नाजूक कातडी पातळ होत जाते. अंगाला लावायची अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला. तरीही ती सर्रास मिळतात. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेटासोन असं काही दिसलं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती तिथे लावू नका.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. डॉक्टर बाई आहेत हे कळल्यावर बाकावर बसल्या बसल्या परत फिरावंसं वाटलं होतं. त्यांनी पडदा ओढला, हातमोजे घातले, नीट तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, “शुगरची कोणती गोळी घेता?” संबंधांविषयीही विचारलं, पण नंतर आणि सरळ आवाजात, जसं पोट दुखत असताना ‘काय खाल्लंत’ म्हणून विचारावं तसं.

मी डॅपाग्लिफ्लोझिन घेत होतो. २०२० मध्ये भारतात तिचं मूळ पेटंट संपलं, अनेक कंपन्यांची गोळी बाजारात आली, भाव उतरले आणि ती घराघरांत पोचली. एम्पाग्लिफ्लोझिन तिचीच बहीण. एरवी मूत्रपिंड लघवीतली साखर परत रक्तात ओढून घेतं. ही गोळी ते काम अडवते, त्यामुळे दिवसाला साधारण ६० ते ७० ग्रॅम साखर लघवीवाटे बाहेर पडते. गोळीचा गुण तोच आणि त्रासही त्यातलाच. लघवीचे थेंब कातडीखाली राहिले की कॅन्डिडा या बुरशीला साखर, ऊब आणि ओल तिन्ही आयत्या मिळतात. बायकांना हा त्रास पुरुषांपेक्षाही जास्त होतो, आणि त्या तर सांगतच नाहीत.

पण हे वाचून कुणी परस्पर गोळी बंद करू नये. ती हृदयाला आणि मूत्रपिंडालाही जपते. ठेवायची की बदलायची हे डॉक्टरांनी ठरवायचं.

मला उपचार साधाच निघाला. एक टक्क्याचं क्लोट्रिमाझोल मलम सकाळ-संध्याकाळ लावायचं, आणि लाली गेली तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे. काहींना फ्लुकोनाझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी देतात. बायकोला खाज किंवा पांढरं जाणं असेल, तर तिचाही उपचार त्याच वेळी हवा. मलम चालू असताना निरोधवर विसंबू नये, कारण अशा मलमाने रबर कमकुवत होऊ शकतं.

साबणाचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. दुखणं घाणीने झालंय असं समजून आपण साबण चोळतो, अँटिसेप्टिक लिक्विड ओततो, कुणी कडुनिंबाच्या पाण्यात तुरटी फिरवतो. याने कातडी आणखी सोलवटते. काही जणांना तर बुरशी नसतेच, नुसत्या साबणानेच हा दाह होतो. कातडी हलकेच मागे घ्यायची, कोमट पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं आणि कातडी आठवणीने पुन्हा पुढे आणायची. ती मागेच अडकून टोक सुजलं तर तासाभराचाही उशीर न करता दवाखाना गाठावा.

तशीच घाई आणखी एका बाबतीत. या गोळ्या घेणाऱ्याला वृषण ते गुदद्वार या भागात जबर दुखू लागलं, सूज आली आणि ताप असेल, तर रात्र काढू नये. फार क्वचित तिथे जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्येच तसा इशारा दिला आहे. कातडी पांढरी पडून आवळत चालली, किंवा एखादी जखम वा गाठ आठवडे उलटूनही जात नसेल, तर मलमं बदलत बसू नये. तिथला तुकडा काढून तपासावा लागतो, कारण कर्करोग नाही याची खात्री करून घ्यायची असते.

आणि ज्यांना मधुमेह नाही, म्हणजे आहे असं माहीत नाही, त्यांनी बॅलनायटिस झाला की रक्तातली साखर तपासून घ्यावी. पुष्कळांचा मधुमेह याच दुखण्याने उघडकीला येतो. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आलं, तर तो मधुमेह धरतात, बहुधा दुसऱ्यांदा तपासून.

रुळांलगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोगावर हमखास इलाज’ असं रंगवलेलं असतं. तिकडे जायचं काही कारण नाही. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्याला एमजीएमच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. संबंधातून काही लागलं असेल अशी शंका असली, तर सरकारी जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे तपासणी गुप्त राहते. १०९७ या क्रमांकावरही फुकट सल्ला मिळतो.

माझी गोळी डॉक्टरांनी चालूच ठेवली आहे. लघवीनंतर पाण्याने धुतो, कागदी रुमालाने टिपतो, सुती कपडे वापरतो आणि पावसाळ्यात कोरड्या कपड्यांचा एक जोड ऑफिसच्या कपाटात ठेवतो. पुन्हा पुन्हा झालं तर गोळी बदलू, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे.